बऱ्या कागदावर

माझ्या दुकानात दोन जातींचा कागद असतो. एक रोजचा, ७० जीएसएमचा. आधार कार्ड, रेशनकार्ड, पोरांचे प्रोजेक्ट, सगळं त्याच्यावर निघतं. दुसरा बॉण्ड पेपर. जाड, पांढराशुभ्र, बोट फिरवलं तर किंचित खरबरीत लागणारा. तो फारसा खपत नाही. लग्नाचा बायोडेटा आणि नोकरीचं पत्र, या दोनच कामांसाठी लोक तो मागून घेतात. "दादा, हें बऱ्या कागदार काड," असं कुणी म्हणालं की मी न बघता ओळखतो, एक तर घरात लगीन निघालंय, नाही तर पोराला नोकरी लागलीय.

दुकान डिचोलीच्या बाजारात. झेरॉक्स, प्रिंट, लॅमिनेशन, पासपोर्ट फोटो, ऑनलाइन फॉर्म. (आम्ही बोलतो कोकणीत आणि वाचतो-लिहितो मराठीत, म्हणून पुढची बोलणी मराठीत उतरवतोय.) दुकानाआधी पंधरा वर्षं मी खाणीवर काट्यावर होतो. भरलेले टिपर तोलायचे आणि पावती फाडायची, एवढंच काम. २०१२ च्या सप्टेंबरात गोव्यातल्या खाणी थांबल्या तेव्हा मी बाहेर पडलो आणि हातात आलेल्या पैशांत हे मशीन घेतलं. काहीजण थांबून राहिले. खाणी मधे थोड्या चालल्या, मग सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्टे रद्द केले आणि मार्च २०१८ मध्ये पुन्हा सगळं बंद. टिपरवाले हप्त्यांत बुडाले, गॅरेजं ओस पडली, खाणावळींच्या चुली विझल्या. आमच्या भागात पोरगा शाळेतून बाहेर पडला की खाणीवर जायचा, नोकरी शोधणं हा प्रकारच नव्हता. तो पहिल्यांदा आला. आणि शोधणाऱ्यांची रांग लागली की विकणारे येतातच, त्यांना आमंत्रण लागत नाही.

२०२४ च्या चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आधीचा आठवडा. दुकानात माटोळीच्या (गणपतीच्या वर टांगायच्या फळाफुलांच्या) याद्या नि आरत्यांच्या पुस्तिका छापायची गडबड. त्यात तो आला, सोबत मुलगी. तो म्हणजे माझ्या काट्यावर रोज टिपर उभा करणारा ड्रायव्हर. त्याचे किती टन माल मी तोललाय याला गणती नाही. आता दुसऱ्याचा पिकअप चालवतो. मुलीने मोबाइल पुढे केला आणि तो म्हणाला, "दादा, बऱ्या कागदावर. रंगीत."

मोपाच्या विमानतळावर ग्राउंड स्टाफ. बारावी पास, पगार महिना ३२,५००, जेवण आणि ने-आण मोफत. मुलाखत फोनवर झालेली, सात मिनिटांची. पत्र स्क्रीनवर मोठं केलं तर विमान कंपनीचं बोधचिन्ह कडेला विरघळल्यासारखं दिसत होतं. कुठल्या तरी वेबसाइटवरून उचलून ताणलं की चित्राचं असं होतं, हे माझ्या धंद्यातलं ज्ञान. खाली निळा गोल शिक्का, पण शिक्क्याची शाई सगळीकडे सारखी. खरा शिक्का हाताने मारतात, तो एका बाजूला दाट आणि दुसऱ्या बाजूला फिका उठतो. पत्र आलं होतं ते जीमेलच्या पत्त्यावरून, कंपनीच्या नावाला 'करिअर्स' जोडून. आणि दुसऱ्या पानावर, इतर अटींच्या गर्दीत, एक ओळ: नोंदणीसाठी २,८५० रुपये, पहिल्या पगारासोबत परत.

हे सगळं मी पाहिलं. मशीन कागद ओढत होतं तेवढ्या वेळात दोनदा पाहिलं. विमानतळावर तसल्या कामाला काय मिळतं ते दुकानात येणाऱ्या पोरांकडून मला ठाऊक होतं, या आकड्याच्या निम्म्याच्या आसपास. आणि मी काहीच बोललो नाही. मुलगी पत्राची घडी होऊ नये म्हणून फाइल मागत होती. तो कागदाकडे बघत होता, त्याला इंग्रजी येत नाही, तरी ओळीवरून ओळीवर नजर फिरवत होता. पाकिटातून पेढा काढून त्याने माझ्या हातावर ठेवला. पेढा तोंडात असताना "हे खोटं आहे" असं कसं म्हणायचं? आपलं काम छापायचं, वाचायचं नव्हे, अशी मी स्वतःची समजूत घातली. दोन पानांचे वीस रुपये घेतले.

एकोणीस दिवसांनी तो एकटा आला. बँकेचं स्टेटमेंट छापून हवं होतं, पोलिसांना द्यायला. रोजच्या कागदावर. त्याने पिवळा मार्कर मागितला आणि काउंटरवर वाकून चार ओळी रंगवल्या. २,८५०. मग गणवेश आणि ओळखपत्राचे १२,५००. मग ट्रेनिंगचे १८,०००. मग, "मॅडम, तुमची फाइल दिल्लीत अडकलीय, आज भरले नाहीत तर जागा दुसऱ्याला जाईल," म्हणून २५,५००. एकूण ५८,८५०, त्यात चवथीसाठी काढून ठेवलेले होते आणि बायकोच्या बचतगटाचेही. चारही वेळा खातं वेगळं, चारही वेळा नाव कुणा तरी माणसाचं, कंपनीचं एकदाही नाही.

मार्करचं टोपण लावता लावता त्याने विचारलं, "दादा, तेव्हा तुम्ही ते पत्र वाचलं होतं?"

मी म्हटलं, "नाही रे. गर्दी होती ना."

हे असं लिहून मोकळं होता येतं असं मला वाटत नाही. पण त्या दिवसापासून मी पत्रं वाचतो, आणि वाचलं की बोलतो.

बोलायला लागल्यावर एक गोष्ट ध्यानात आली. 'नोकरी देणारा कधी पैसे मागत नाही' हे वाक्य पोलिसांच्या फलकावर असतं, बँकेच्या मेसेजमध्ये असतं, मीही तेच तोंडावर फेकायचो. लोक मान डोलवायचे, आणि पटलेलं एकालाही नसायचं. कारण आमच्या गावात नोकरी फुकट मिळते असं कुणी बघितलंच नाही. कुणाची तरी वळख लागते, कुणाच्या तरी घरी जावं लागतं, काही तरी द्यावं लागतं. एका आईने मला सरळ ऐकवलं, "दादा, काही न मागता नोकरी देतो म्हणाला असता तर मलाच संशय आला असता."

तिला काय सांगणार? १९९७ च्या मे महिन्यात माझे वडील मानकुरादची एक करंडी घेऊन खाणीच्या एका साहेबांच्या घरी गेले होते. आमच्या परड्यातल्या झाडाचे आंबे, एकेक फडक्याने पुसलेला, वर आंब्याचीच पानं. आई म्हणाली होती, पहिला उतारा देवाला ठेवा. वडील म्हणाले, देव थांबेल. जूनमध्ये मी काट्यावर रुजू झालो. आता ती लाच होती की शेजारधर्म, यावर आमच्या घरात कधी बोलणं झालं नाही. पण नोकरी ही मागच्या दाराने, हातात काही तरी घेऊन मिळवायची वस्तू असते, हे मी एकवीस वर्षांचा असताना शिकलो ते असं. फसवणाऱ्यांना नवं काही शिकवावं लागलं नाही. त्यांनी फक्त करंडीच्या जागी क्यूआर कोड ठेवला.

२०२४ च्याच ऑक्टोबर-नोव्हेंबरात पैसे घेऊन सरकारी नोकऱ्या देतो म्हणणाऱ्यांची प्रकरणं गोव्यात एकामागून एक बाहेर आली. डिचोली, म्हार्दोळ, फोंडा, पणजी, रोज पेपरात नवी तक्रार, नवी अटक. लाखांचे आकडे, दागिने गहाण ठेवलेले, आणि बऱ्याच जणांनी पैसे काही वर्षांपूर्वीच दिलेले. इतकी वर्षं ते गप्प का होते हे विचारणाऱ्यांची मला गंमत वाटली. तक्रार करायची म्हणजे आधी, मी लाच द्यायला निघालो होतो, हे लिहून द्यायचं. फसवणारा या लाजेवरच निर्धास्त झोपतो. दुकानात त्या दिवसांत चर्चा एवढीच, की अमक्याने किती दिले होते. देणं चूक होतं असं एकही जण म्हणाला नाही. चुकीच्या माणसाला दिले, एवढंच.

म्हणून मी आता ते वाक्य टाकून दिलंय. त्याऐवजी विचारतो, "पैसे कुणाच्या नावावर गेले?" किंवा "जाणार आहेत?" हा प्रश्न लोकांना कळतो. विमान कंपनी, हॉटेल, बँक, कुणीही असो, खातं एखाद्या माणसाच्या नावावर आणि तेही भलत्याच राज्यातलं, हे ऐकून पैसे द्यायला तयार असलेला माणूससुद्धा थबकतो. ते खातं तरी कुणाचं असतं? बहुतेकदा असाच कुणी रिकामा पोरगा, ज्याने चार-पाच हजारांसाठी आपलं पासबुक आणि एटीएम कार्ड दुसऱ्याच्या हातात दिलेलं असतं. माझ्याकडे असा एक येऊन गेला. 'खातं भाड्याने द्यायचं वर्क फ्रॉम होम' त्याला मिळालं होतं. पोलीस पहिल्यांदा पोचतात ते अशाच्या दारात. नोकरी नसलेल्याच्या खात्यातून नोकरी नसलेल्याचे पैसे पळतात, आणि ज्याच्याकडे पोचतात त्याला कुणी बघितलेलं नसतं.

दुसरं, फोन. पत्रावरच्या नंबरावर फोन करून खात्री केली असं सगळेच सांगतात. अरे, पत्रावरच्या नंबरावर पत्र लिहिणाराच फोन उचलणार. कंपनीची वेबसाइट आपण शोधायची, तिथला नंबर घ्यायचा, त्यावर विचारायचं. माझ्या काउंटरवरून असे फोन आता होतात. स्पीकर चालू ठेवतो. कधी दहा-दहा मिनिटं संगीत ऐकावं लागतं, मागे लॅमिनेशनवाले खोळंबतात, पण पलीकडची बाई "आम्ही अशी भरती करत नाही" म्हणते ते माझ्या तोंडून ऐकण्यापेक्षा तिच्या तोंडून ऐकलेलं बरं. स्पेलिंगवरून ओळखा असं पूर्वी सांगायचे. ते दिवस गेले. आता चोरांची इंग्रजी आमच्या हेडमास्तरांपेक्षा बरी असते.

टेलिग्रामवरच्या 'टास्क'बद्दल थोडक्यात, कारण तो खेळ आता बहुतेकांना माहीत झालाय, तरी माणसं पडतातच. आमच्या शेजारच्या वहिनींना व्हिडिओ लाइक करायचे दीडशे रुपये मिळाले. खरोखर मिळाले, खात्यात आले. मग हजार भरून तेराशे. मग पाच हजार, मग वीस. स्क्रीनवर शिल्लक ८४,००० दिसायची आणि काढायला गेलं की आधी कर भरा. केंद्राने डिसेंबर २०२३ मध्ये असल्या शंभरावर वेबसाइट बंद केल्या होत्या, पण त्या उघडायला कितीसा वेळ लागतो? वहिनींनी घरात अजून सांगितलेलं नाही. मला सांगितलं कारण पासबुकाची झेरॉक्स माझ्याकडे होती.

बोटीचं प्रकरण मात्र निराळं. गोव्यात बोटीवर जाणं ही पिढ्यांची वाट आहे. सासष्टीत तारवटी, म्हणजे बोटीवर काम करणारा, नाही असं घर शोधावं लागेल. खाणी गेल्यावर आमच्या बाजूची पोरंही क्रूझवर जायला लागली, पण त्यांच्या घरात विचारायला कुणी जुना तारवटी नव्हता. त्यामुळे ती बरोबर सापडतात. पेडण्याकडचा एक पोरगा सीडीसीच्या, म्हणजे दर्यावर्दीच्या नोंदपुस्तिकेच्या, झेरॉक्सा काढायला आला. एजंटाने क्रूझवर गॅलीत (बोटीच्या स्वयंपाकघरात) जागा देतो म्हणून दीड लाख मागितलेले. मी विचारलं, आरपीएसएल नंबर काय त्याचा? त्याला हे अक्षरच ठाऊक नव्हतं. दर्यावर्दींची भरती करणाऱ्याकडे डीजी शिपिंगचा हा परवाना लागतो, तो खरा की खोटा ते त्यांच्या वेबसाइटवर बघता येतं, आणि परवानाधारकाला जागा मिळवून देण्याबद्दल पोराकडून एक पैसा घेता येत नाही. हे मलाही तोवर माहीत नव्हतं. एका गिऱ्हाइकाकडून कळलं, मडगावचा निवृत्त चीफ कुक, नातवाचे फोटो काढायला आला होता. आखाती देशात जमिनीवरच्या नोकरीला नियम दुसरा. तिथे परराष्ट्र खात्याकडे नोंदलेला एजंट लागतो, त्याचं नाव ई-मायग्रेटच्या पोर्टलवर दिसतं, आणि त्याला फी घेता येते, पण जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि वर जीएसटी. पावती देऊन. आमच्या बाजारात पावती हा शब्द काढला की निम्मे एजंट चहा प्यायला उठतात.

पोरगा दुसऱ्या दिवशी आला. एजंट म्हणे चिडला, 'झेरॉक्सवाल्याला काय कळतं' म्हणाला. खरं आहे ते. पण पोराने पैसे दिले नाहीत.

सगळेच ऐकतात असं नाही. २०२५ च्या सुरुवातीला सत्तरी तालुक्यातला एक पोरगा बँकॉकच्या तिकिटाची प्रिंट घ्यायला आला. डेटा एन्ट्री, महिन्याला ८०,०००, राहणं-खाणं कंपनीचं. टायपिंग येतं का विचारलं, तर हसला. थायलंडला फिरायला जाणाऱ्या भारतीयांना तेव्हा व्हिसा लागत नव्हता, आणि तेच या लोकांच्या पथ्यावर पडत होतं. विमानतळावर कुणी अडवायला नको, पर्यटक म्हणून उतरायचं. उतरल्यावर गाडी येते आणि माणूस सीमा ओलांडून म्यानमारमध्ये, म्यावड्डीच्या बाजूला, कुंपणाच्या आत. तिथे त्याला बसवून दुसऱ्यांना फसवायचं काम करून घेतात. परराष्ट्र मंत्रालय २०२२ पासून याचे इशारे देत आलंय. मी त्याला एवढंच विचारलं, "नोकरीला चाललास तर कामाचा व्हिसा कुठे आहे?" "तिकडे गेल्यावर करून देणार." प्रिंट घेतली, पैसे दिले, गेला. मार्चमध्ये वायुदलाच्या विमानांनी थायलंडमधल्या माय सोतहून पाचशेवर भारतीयांना परत आणलं. ती बातमी मी तीन पेपरांत वाचली. पेपरात नावं नसतात. तो पोरगा दुकानात पुन्हा आलेला नाही. गेला की राहिला, मला ठाऊक नाही.

टिपरवाल्याच्या तक्रारीचं पुढे काय झालं हे लोक विचारतात. काही झालं नाही. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन केला असता तर काही तरी अडकलं असतं. तिथे तक्रार नोंदली की ती बँकांकडे जाते आणि खात्यात पडून असलेले पैसे गोठवता येतात. पण पैसे एका खात्यात पडून राहतात तेच मुळी थोडा वेळ, पुढे त्यांना पाय फुटतात. आणि इथे तर एकोणीस दिवस ही माणसं पहिल्या पगाराची वाट बघत होती. 'परत मिळणार' हा शब्द त्यासाठीच घातलेला असतो, माणसाला गप्प बसवायला. रायबंदरच्या सायबर पोलिसांकडे जाऊन आला, तिथला शिपाई चांगला बोलला म्हणाला. जुन्या चारशेवीसच्या जागी जुलै २०२४ पासून नवं कलम आलंय, ३१८. तोही आकडा त्याला आता पाठ आहे. शिवी म्हणून वापरायला मात्र अजून चारशेवीसच बरं वाटतं.

डिसेंबरात त्याला एक फोन आला. सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे पैसे सापडलेत, सोडवायला ४,९९९ भरा. त्याची सगळी माहिती त्या माणसाकडे होती, रकमांसकट. कशी असणार नाही? चोर तोच, किंवा त्याचा भाऊ. या वेळी टिपरवाला पैसे भरण्याआधी माझ्या दुकानात आला. काउंटरला टेकून उभा राहिला आणि फोन माझ्यासमोर धरला. मी काही सांगण्याआधीच म्हणाला, "खातं माणसाच्या नावावर आहे."

मुलगी तीन महिने घराबाहेर पडली नव्हती. मग कुणी तरी तिला गोवा कर्मचारी निवड आयोगाच्या जाहिरातीचं सांगितलं. क गटातली सरकारी भरती आता या आयोगाकडे आहे, २०१९ च्या कायद्याने झालेला, परीक्षा संगणकावर. फॉर्म माझ्याच दुकानात भरला. निवासी दाखला, रोजगार नोंदणी कार्ड, फोटो; एकेक कागद तिने स्वतः स्कॅन केला, मला हात लावू दिला नाही. प्रत्येक पानाचा पत्ता वाचायची, साइटचं नाव वाचायची, मग पुढचं बटण. एका फॉर्मला पाऊण तास लागला. मी घाई केली नाही.

मे महिन्यात एका संध्याकाळी तो आला. मी शटर अर्धं ओढलं होतं. हातात कापडी पिशवी. काउंटरवर ठेवली तशी दुकानभर वास सुटला. मानकुराद. घरच्या झाडाचे, म्हणाला, मुलीचा फॉर्म भरून दिलात म्हणून.

"फॉर्मचे पैसे दिलेत तू," मी म्हटलं.

"ते वेगळे."

थोडा वेळ तो बॉण्ड पेपरच्या गठ्ठ्यावर हात ठेवून उभा राहिला. बाहेर साखळीची शेवटची बस हॉर्न मारत होती. मग आवाज खाली आणून, इकडे तिकडे बघून म्हणाला, "दादा, तिथे आयोगात कुणाची वळख आहे का तुमची?"